आधी मोजा, मग पुसा

गौरवग्रंथाच्या संपादकांनी ‘जरा सौम्य लिहा’ असा निरोप धाडलाय. जमणार नाही. श्री. विलास शेडगे सर साठ वर्षांचे होत आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. पण सरांबद्दल लिहायचं आणि डोकं शांत ठेवायचं, हे दोन्ही मला एकदम येत नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले तेव्हा सर संगणक विभागाचे प्रमुख होते. पहिल्याच भेटीत त्यांनी मला झापलं. आमच्या आगरी-कोळी लग्नांत धवला गाणाऱ्या धवलारणींची गाणी मी उरणच्या गावांत फिरून रेकॉर्ड केली होती, आणि ती सगळी एकाच पेन ड्राइव्हवर होती. “अहो मॅडम, हा गेला म्हणजे?” म्हणत सरांनी ती सर्व्हरवर चढवली. पुढे तो पेन ड्राइव्ह खरंच बंद पडला.

मग एक दिवस सर्व्हर भरला. प्रवेशाचं काम अडलं. बाहेरून बोलावलेल्या इंजिनिअरने डीयू ही आज्ञा चालवली. कुठला फोल्डर किती जागा खातो, ते ती सांगते. यादीत सगळ्यांत मोठी माझी गाणी! संस्थेचे कार्याध्यक्ष मागे उभेच होते. “उडवा. मॅडम, टेन्शन नको, परत रेकॉर्ड करू.” परत? त्या धवलारणींपैकी दोघी वारल्या होत्या. एक माझी सख्खी मावशी. त्या रेकॉर्डिंगमध्ये ती म्हणते, “थांब गो पोरी, जरा पानी पिऊ दे, मंग गानं बोलू.” तिला कुठून आणणार होते हे महाशय?

सरांनी कीबोर्ड ओढून घेतला. “यादीची बेरीज भरलेल्या जागेशी जुळत नाही. लपलेले फोल्डर यात धरलेलेच नाहीत.” त्यांनी तेही धरून पुन्हा मोजलं. मोजणी संथ चालली होती, कार्याध्यक्ष चुळबुळ करत होते, सर ढिम्म. शेवटी सापडलं. स्नेहसंमेलनाचे ड्रोनचे व्हिडिओ, कार्याध्यक्षांच्या भाषणासकट, पुसले म्हणून सर्व्हरच्या लपलेल्या कचरापेटीत टाकलेले आणि तिथेच जागा अडवून बसलेले! माझ्या गाण्यांच्या कितीतरी पट. सरांनी पेटी रिकामी केली, आणि त्याच संध्याकाळी गाण्यांची दुसरी प्रत करून माझ्या हातात ठेवली.

बक्षीस काय मिळालं? त्याच वर्षी सरांचं प्रमुखपद गेलं. कारण, उद्धटपणा! आणि या ग्रंथातल्या परिचयात काय छापताय? ‘सरांनी स्वेच्छेने पद सोडले.’ साफ खोटं. मी तिथेच होते. ज्यांनी पद काढून घेतलं तेच समारंभात सरांना शाल पांघरणार आहेत. खुशाल पांघरा, पण ती ओळ आधी काढा. नाहीतर माझा लेख परत द्या.

सर, तुम्ही ठणठणीत राहा, पोटभर जेवा, दुपारी निवांत झोपा, शंभर वर्षं जगा. तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ भांडलात. आता तुमच्यासाठी भांडायला मी आहे.