चार मिनिटांत वीस उत्तरं

नीलिमा मूळची नागपूरची. नवऱ्याच्या नोकरीपायी बंगळूरला, मारतहळ्ळीत आली आणि के. आर. पुरमच्या एका खासगी शाळेत आठवीला गणित शिकवू लागली. शाळेनं घरच्या चाचण्या मोबाइलच्या ॲपवर घ्यायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात जास्त खूश तीच झाली. पेपर तपासायचा ताप गेला होता.

एका सोमवारी ॲपनं प्रियदर्शनीच्या नावापुढे लाल खूण दाखवली. वीसपैकी वीस गुण, उत्तरं भरायला लागलेला वेळ चार मिनिटं. राखीव जागेवर, फी माफीत शिकणारी ही अबोल मुलगी. वर्गातल्या भल्याभल्यांना चाळीस मिनिटं लागली होती.

"कुणाची उत्तरं उतरवलीस?" नीलिमानं भर वर्गात विचारलं.

"मीच केली, मिस."

"चार मिनिटांत? कुणाला सांगतेस?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसलं. नीलिमानं तिचे गुण शून्य केले आणि आंतरशालेय स्पर्धेच्या संघातून तिचं नाव काढून टाकलं.

पालकसभेला तिची आई आली. जमनाबाई बाजारात फुलं विकायची. घरची भाषा मराठी, पण कितीतरी पिढ्या बंगळूरच्याच. तिनं एक वही टेबलावर ठेवली.

"मिस, हे स्वल्प, जरा बघा. आमच्याकडं बटणांचा फोन. शेजारची अक्का तिचा देते, दहा मिनिटं. पहिल्या दिवशी हिनं नुसते प्रश्न लिहून घेतले. घरी बसून सोडवले. दुसऱ्या दिवशी परत फोन मागून उत्तरं तेवढी भरली."

वहीत वीसही गणितं होती, पायरी न पायरी मांडलेली. दोन ठिकाणी तर नीलिमानं कधी शिकवलीच नव्हती अशी सोपी रीत. तिनं वही पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. घरी फोन आहे का, एवढंच तर विचारायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं वर्गासमोर माफी मागितली, गुण परत दिले. मुख्याध्यापकांशी वाद घालून चाचणी कागदावर द्यायची मुभाही मिळवली. स्पर्धा मात्र होऊन गेली होती.

"सरी, मिस," कानडीतलं 'बरं', एवढंच प्रियदर्शनी म्हणाली.

त्यानंतर तिला कधी अठरा पडत, कधी एकोणीस. वीस कधीच नाहीत. एकदा तिचं चुकलेलं गणित नीलिमानं फळ्यावर घातलं आणि तिलाच बोलावलं. मुलीनं ते एका दमात सोडवलं.

"मग पेपरात कसं चुकलं गं?" नीलिमानं हळूच विचारलं.

"पूर्ण मार्क पडले की विचारतात, मिस."

नीलिमानं तिच्या हातून खडू घेतला आणि ती पुढचं गणित लिहायला वळली. वर्गाकडे तोंड करायला तिला बराच वेळ लागला.