मैनेसमोर कविता बंद

मंडळी, आज सकाळी मला माझ्याच पागेत यायची बंदी झाली.

कोल्हारजवळ आमची घोड्यांची पागा आहे. नाताळच्या सुट्टीत नात सई पुण्याहून ड्रेसाज शिकायला आलीय. म्हणजे घोडीनं स्वाराच्या इशाऱ्यावर, आखल्या रेघेवरून डौलात चालायचं. तिची घोडी मैना. मैना शिंगरू होती तेव्हापासून मी तिला शाळेतल्या कविता म्हणत चालवलं. कविता संपली की गूळ द्यायचो.

आज कुंपणापाशी उन्हाला बसलो होतो. सवयीनं एक कविता गुणगुणली. झालं! मैना रेघ सोडून सईसकट थेट माझ्याकडे आली आणि तिनं माझ्या खिशात तोंड खुपसलं.

"आजोबा, प्लीज! परवा स्पर्धा आहे माझी," सई रडकुंडीला आली.

माझा मुलगा धावत आला. "अण्णा, लई झालं आता. उद्यापासून तुमी इकडं फिरकू नका."

या मुलालाही मी त्याच कवितांवर पहिली पावलं टाकायला शिकवलं होतं.

संध्याकाळी दाण्याची चंदी घेऊन गडी गेला. मैना तोबऱ्याला तोंड लावेना, घराकडे बघून खिंकाळत राहिली. मी दार लावून घेतलं.

मला सांगितलं ते कळलं हो. तिला कोण सांगणार?