मागच्या बैठकीत ठरलेला नियम

हे मी कुणापाशी बोलले न्हाई — नवऱ्यापाशी न्हाई, देवापाशी न्हाई. तुम्हाला सांगते. पण माझी कीव करायची असंल तर इथूनच माघारी फिरा.

न्हावऱ्यात आमच्या शाळेचं एक मंडळ हाय, शिकून गेलेल्या पोरांच्या आयांचं. शाळेच्या स्मरणिकेत त्याचा इतिहास मीच लिहिला. संस्थापक म्हणून माझंच नाव, फोटोसकट. धडधडीत खोटं! मंडळ काढलं कमलनं — बौद्धवस्तीतली, अंगणवाडीत मदतनीस. रांजणगावला तवा कंपन्या नुकत्या आल्या व्हत्या. पोरं दहावी झाली की तिकडं नायतर पुण्याला जायची आन् आया घरात एकट्या. कमल दारोदार फिरली, सगळ्यांना रविवारी शाळेच्या वर्गात आणून बसवलं. कुणाच्या घरी मयत झाली की मंडळानं पिठलं-भाकरी घेऊन जायचं, हेही तिचंच.

आन् मला ती डोळ्यात सलायची. बायका आधी तिला विचारायच्या, मग मला. मी पाटलाची सून ना! वर बैठकीला ती घरनं कालवण आणायची आन् सगळ्या बोटं चाटून खायच्या. माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई. का, ते तुम्हाला ठाऊक हाय. उगा मोठेपणा नका दाखवू — तुमच्या घरी चहाचा कप वेगळा नव्हता?

एका रविवारी ती पातेलं घेऊन वर्गाच्या दारात आली. मी आडवी आले. म्हटलं, "आता शिजवलेलं आणायचं न्हाई. नुसता शिधा आणायचा, माझ्या घरी रांधायचं. मागच्या बैठकीत ठरलंय. तू लवकर गेली व्हतीस."

मागच्या बैठकीला वर्ग झाडून कुलूप लावणारी कमलच व्हती. सगळ्यांनी बघितलं व्हतं. एकीनंही तोंड उघडलं न्हाई.

"व्हय वैनी," ती म्हणाली, "गेले असंन लवकर."

पुन्हा ती आली न्हाई.

चार वर्षांनी तिचा पोरगा यवतजवळ ट्रकखाली गेला. एकुलता एक. बायका पीठ घेऊन माझ्या ओट्यावर जमल्या — चला, भाकऱ्या थापू, जाऊ. मी म्हटलं, "कमल सभासद न्हाई."

तिला तोंड दाखवायची भीती? छे — राग व्हता. अजून हाय. माझं खोटं तिनं मुकाट पदरात घेतलं, भांडली का न्हाई ती?

बायका पीठ घेऊन आपापल्या घरी गेल्या. कमलच्या दारात मंडळाची एकही बाई गेली न्हाई. मी त्या दिवशी पोटभर जेवले.