न सांगितलेल्या गोळ्या

तारापूरच्या एका कारखान्यात मी लॅबमध्ये आहे. लेबल नसलेलं सँपल मी हातात घेत नाही, मग ते खुद्द मॅनेजरनं आणलेलं असो. हा ताठा फक्त पगारापुरता असतो, हे मला उशिरा कळलं.

बायकोचा भांग रुंदावत चालला होता. मोरीच्या जाळीवर रोज केसांचा गुंता. माहेरी केळव्याला जायचंही तिनं टाळलं. शेवटी पालघरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी बट चिमटीत धरून ओढून पाहिली, ताप येऊन गेला का विचारलं, रक्त तपासायला सांगितलं.

"आणखी काही गोळ्या चालू आहेत?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी झटकन म्हणालो, "छे, काही नाही!"

खरं तर केसांसाठीच्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या मीच बोईसरच्या मेडिकलमधून आणल्या होत्या. लवकर गुण यावा म्हणून दुप्पट देत होतो. कारखान्यातला केमिस्ट घरी डॉक्टर झाला, हे बाईंपुढे कोण कबूल करणार?

रिपोर्टमध्ये थायरॉइड भलतंच वाढलेलं निघालं. बायकोचा हात गळ्याकडे गेला. तिच्या थोरल्या बहिणीच्या गळ्याचं थायरॉइडपायीच ऑपरेशन झालं होतं.

"माजा बी गळा कापतील काय ओ?"

बाईंनी तिची नाडी पाहिली, हात पुढे धरायला लावले. हात थरथरत नव्हते. वजनही उतरलं नव्हतं; थायरॉइड वाढल्याची एकही खूण नव्हती. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "हा रिपोर्ट हिचा वाटत नाही. नीट आठवा, कसल्या गोळ्या चालू आहेत का?"

मी गोळ्यांचं नाव सांगितलं. दुप्पट, हेही.

"त्या गोळ्यांनी ही तपासणी चुकू शकते. मी आज औषध सुरू केलं असतं तर?"

गोळ्या बंद करून आठवड्यानं पुन्हा रक्त द्यायचं ठरलं. तो आठवडा बायको आरशासमोर केसांकडे नव्हे, गळ्याकडे बघायची. घोट गिळायची, चाचपायची. मला एकदाच म्हणाली, "कंपनीत असलं सँपल पास केलं असतंत?"

दुसऱ्या रिपोर्टात थायरॉइड ठीक होतं, शरीरातलं लोह मात्र तळाला गेलेलं. बाई म्हणाल्या, "लोह भरून काढू. केसांना काही महिने लागतील, धीर धरा. आता सांगा, पाळीत अंगावरून जास्त जातं का?"

मी तोंड उघडलंच होतं.

"तुमी भायेर बसा," बायको म्हणाली.

बाहेर आलो. आत ती बराच वेळ बोलत होती.