बरणीवरचा फोटो

ईरा, सारंग,

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. तुमच्या आईला नाही, वैशालीमामीला नाही. तुमचे आजोबा असते तर त्यांनाही सांगितले नसते. आज तुम्हाला लिहिते आहे, कारण ईराने मामीच्या मुरब्ब्यासाठी तिकडून तो आराखडा पाठवला आहे — लहान व्यवसायांनी कंटेंट मार्केटिंग कसे सुधारावे, कोणत्या दिवशी काय टाकावे, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत ‘पणजीची गोष्ट’. पणजीवर, म्हणजे माझ्या सासूबाईंवर, चार छोट्या चित्रफिती काढायच्या. मी खुर्चीत बसून बोलायचे. मागे संत्र्याची बाग.

आराखडा चांगला आहे, ईरा. मी शिक्षिका होते, नीटनेटके काम मला कळते. पण तो वाचल्यापासून मी घरात सगळ्यांवर खेकसते आहे. झाकणे नीट बसत नाहीत म्हणून वैशालीला बोलले. पेपर उशिरा आला म्हणून पेपरवाल्याला बोलले. मग दुपारी लक्षात आले की राग झाकणांचा नाही.

आता कुठून सुरू करू?

या कंटेंट नावाच्या प्रकाराचा मला पहिल्यापासून वैताग आहे, तिथूनच करते. मामीने मागच्या शेडमध्ये मुरब्बा करायला घेतला तेव्हा कल्पना साधी होती. व्यापारी बागेतला मोठा माल उचलतो आणि बारीक संत्री तशीच टाकून जातो. ती वाया जायची, त्यांचा मुरब्बा करायचा आणि विकायचा. पण नुसते विकून चालत नाही म्हणे. मामीने नागपूरहून एका सल्लागाराला बोलावले. तो आला, संत्री खाल्ली, आणि म्हणाला की माल कोणीही विकतो, तुम्ही गोष्ट विका. रोज काहीतरी टाका. सणाला टाका, सण नसेल त्या दिवशी तर नक्की टाका. वर मला म्हणाला, “आजी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीचा व्हिडिओ टाकू, लाखोंनी बघतील!” मी विचारले, नदीच्या दोन काठांवरून दगडफेक होऊन माणसांची डोकी फुटताना बघून कोणाला मुरब्बा खावासा वाटेल? तो हसला. त्याला वाटले, म्हातारी विनोदी आहे.

लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण घरात शुद्ध इंग्रजी मलाच येते. मी वेळापत्रक केले. मामीच्या पोरकट मथळ्यांतल्या चुका सुधारल्या, उद्गारचिन्हे काढून टाकली, फोटोंना नावे दिली. सगळे जागच्या जागी. मग सल्लागार म्हणाला, बरणीवर एक चेहरा हवा. हा मुरब्बा पहिल्यांदा कोणी केला? त्या बाईचा चेहरा.

पहिल्यांदा कोणी केला —

शांताने केला. तुमच्या शांताआजीने. तुम्ही तिला ओळखता ती मागच्या खोलीत राहणारी, सुटीत तुम्हाला गोड सरबत करून देणारी, मोठ्याने हसणारी आजी म्हणून. ती आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. ती आपल्याकडे का राहते हे तुम्ही कधी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही.

आपले मूळ घर पांढुर्ण्याचे. शांताला दिली सावरगावला, म्हणजे जाम नदीच्या पलीकडच्या काठाला. इतके जवळ की सासरची दिवाबत्ती माहेरून दिसावी. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणली आणि शांता आपली पेटी उचलून भर बाजाराच्या दिवशी पूल ओलांडून परत आली. दूर दिली असती तर लोकांना चार गोष्टी सांगता आल्या असत्या. इथे काय सांगणार? निम्म्या गावाने तिला पेटी घेऊन येताना पाहिले. त्यानंतर तिने कुंकू लावले नाही. कोणी म्हटले, नवरा जिवंत आहे ना, लाव की, तर म्हणायची, “त्याच्यासाठी लावणारी हाये ना दुसरी. मी काहून डब्बल लावू?”

मला सौंसरच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आम्ही इकडे आलो आणि शांताही आली. मी शाळेत जायची, ती स्वयंपाकघरात. संत्र्याची साल मिठाच्या पाण्यात भिजवून, पाणी बदलत बदलत, तिचा कडवटपणा थोडा ठेवून बाकीचा घालवायचा — हे तिने आपल्याच मनाने, नासवत नासवत बसवले. कशासाठी, कोण जाणे. तुमच्या पणजीला त्या वासाचा संताप यायचा. पणजीने तो मुरब्बा कधी चाखलासुद्धा नाही. मामीने पुढे धंदा उभा केला तो शांताच्या त्या पातेल्यातून.

तर बरणीवर चेहरा कोणाचा यायला हवा होता?

मी सासूबाईंचा दिला. नऊवारी, मोठे कुंकू, नाकात नथ, स्टुडिओत काढलेला फोटो. आणि खाली इंग्रजीत आणि मराठीत लिहिले की आमच्या सासूबाईंनी हा मुरब्बा पहिल्यांदा केला, ती चव आम्ही जपली आहे. एकही व्याकरणाची चूक नाही. सगळे वाक्य खोटे.

का? कारण मामीला तेव्हा मोठ्या मागण्या येऊ लागल्या होत्या त्या रुखवतासाठी. लग्नात मुलीकडची मंडळी रुखवत मांडतात, त्यात आपल्या बरण्या लाल फडक्यात बांधून ओळीने ठेवायची टूम निघाली होती. मी मनाशी म्हटले, नवऱ्याने टाकलेल्या बाईचा मोकळ्या कपाळाचा फोटो कोणती आई आपल्या मुलीच्या रुखवतात ठेवील? मला कोणी विचारले नव्हते. एकाही गिऱ्हाइकाने असे म्हटले नव्हते. मी, इंग्रजी शिकलेली, मुलींना शाळेत धीट व्हा म्हणून शिकवणारी बाई — मीच ते आधी म्हटले, मनातल्या मनात, आणि लगेच मानलेही.

लेबले छापून आली तेव्हा शांताच ती चिकटवत होती. एक वाचले आणि हसत सुटली.

“हे काय वयनी? मायच्या हातचा मुरब्बा? माय तर म्हणे, हे साल गाईपुढं टाक, घरात घाण नोको करू! आन फोटोत पाहा कशी हसून राहिली, जसं रातभर तिनंच ढवळलं.”

मी म्हणाले, “शांता, याला मार्केटिंग म्हणतात.”

“असन बाप्पा,” ती म्हणाली, आणि पुढचे लेबल घेतले. तिने ते सरळ चिकटवले. तिची लेबले माझ्यापेक्षा सरळ लागायची.

तुम्ही म्हणाल, आजी, एवढेच? सगळेच धंदे असे करतात. हो, करतात. मीही स्वतःला हेच सांगत आले. पण अजून आहे.

एकदा कोणीतरी मामीच्या इंटरनेटवरच्या पानावर तक्रार लिहिली की तुमचा मुरब्बा कडू लागतो. मी उत्तराचा मसुदा करत बसले होते — आपल्या अभिप्रायाबद्दल आभार वगैरे. तोवर मामीने शांताला विचारले आणि ती जे बोलली तेच जसेच्या तसे टाकून दिले: “साल हाये ते, थोडं कडू राहीनच. निरं गोड पाहिजे तं गूळ खा.” काय सांगू! आमच्या कोणत्याच मजकुराला कधी इतकी उत्तरे आली नव्हती. लोक हसत होते, कोण बोलले म्हणून विचारत होते, या बाईला समोर आणा म्हणत होते. तक्रार करणाऱ्याने स्वतः दोन बरण्या मागवल्या. सल्लागाराला जे महिनोन्महिने जमले नव्हते ते शांताने भाजी निवडता निवडता केले होते.

मी ते पुसून टाकले. मामीला सांगितले की गिऱ्हाइकाशी उद्धट बोलणे शोभत नाही. खरे कारण ते नव्हते. लोक विचारत होते ना — कोण बोलले? त्याचे उत्तर द्यावे लागले असते.

ईरा, तू आराखड्यात लिहिले आहेस, ‘अस्सल आवाज शोधा’. तो सापडला होता, बाळ. मीच बंद केला.

आणि तरीही मुख्य गोष्ट मी अजून लिहिलेली नाही. तिच्याभोवती फिरते आहे. चहा करून आले, चष्मा पुसला, वरचे सगळे पुन्हा वाचून दोन शब्द सुधारले. अशी सवय.

पांढुर्णा जिल्हा झाल्यानंतर तिथे लहान उद्योगांचा एक मेळावा भरला. आपल्याला मंचावर बोलायला बोलावले — बरणीमागची गोष्ट सांगा म्हणाले. मी भाषण पाठ केले. सकाळी निघताना शांता तयार होऊन दारात उभी. तिची ती हिरवी इरकली साडी, केसांना तेल, हातात पिशवी. म्हणाली, “मी बी येतो. आपल्या गावात कवतिक होऊन राहिलं, मले पाहू द्या.” मामीने तिला गाडीत पुढे बसवले. मी वाटभर बाहेर बघत होते. तिथे सावरगावचे लोक असणार, एवढेच डोक्यात.

मी मंचावर बोलले. साल, मिठाचे पाणी, कडवटपणा थोडा राखणे, सगळे शांताचे, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला ‘आमच्या सासूबाई’. टाळ्या झाल्या. मग सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, “पूरी टीम ऊपर आ जाए.” मामी शांताचा हात धरून तिला वर घेऊन आली. समोर माणसे भरलेली. दुसऱ्या रांगेत सावरगावच्या दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या कानाला लागल्या — शांताच्या सासरच्या गल्लीतल्या, मी त्यांना ओळखत होते. त्या मुलीने माइक माझ्यापुढे धरला आणि शांताकडे बघून हसत विचारले, “और ये माताजी?”

काय अवघड होते त्यात? ‘ही माझी नणंद. हा मुरब्बा हिचा.’ इतके सोपे वाक्य मी पाचवीच्या मुलांना भाषांतराला दिले असते.

मी म्हणाले, “ये हमारे यहाँ काम पे हैं.”

इंग्रजीत बोलले असते तर निदान तिला कळले नसते. मी हिंदीत बोलले. स्पष्ट, माइकवर.

मामीने चमकून माझ्याकडे पाहिले. तिला वाटले मी गोंधळले, आणि मी तिचा तो समज कधी दुरुस्त केला नाही. माइक शांतापुढे गेला. मला वाटले, आता ही बोलेल. ही काय ऐकून घेणारी बाई आहे? पुलावरून पेटी घेऊन येणारी? बोल बाई, मी मनात म्हणत होते, बोल आणि मोकळे कर मला. तिने माझ्याकडे पाहिले नाही. लोकांना हात जोडले.

“हो,” ती म्हणाली. “कामाले असतो मी यांच्याइथं.”

परतीच्या वाटेवर ती मागे बसली. सौंसर येईपर्यंत मामीशी साखरेच्या पोत्यांबद्दल बोलत होती. घरी आल्यावर तिने साडी बदलली आणि शेडमध्ये गेली. त्या दिवसापासून तिने मला वयनी म्हटलेले नाही. बाई म्हणते. “बाई, चाय ठेवू?” “बाई, झाकणं आली.” घरातल्या कोणाच्या हे ध्यानात आले नाही, कारण शाळेमुळे निम्मा सौंसर मला बाईच म्हणतो.

सल्लागार मूर्ख होता, गिऱ्हाईक जुन्या वळणाचे होते, काळ तसा होता — हे सगळे मी लिहून पाहिले आणि खोडले. मला कोणी भाग पाडले नव्हते. मला शांताची लाज वाटली, आणि तिच्या हातचे विकायला मात्र लाज वाटली नाही. असे झाले.

तिला हे वेगळे कळवायची गरज नाही. ती तिथेच उभी होती.

त्या मेळाव्याची चित्रफीत मामीच्या पानावर अजून आहे. माझा आवाज तिच्यात अगदी स्वच्छ आला आहे. हिरव्या साडीत हात जोडून उभी आहे ती शांता. आपल्या इतक्या सगळ्या मजकुरात ती दिसते ती एवढ्याच ठिकाणी.

— आजी