अडुनीताई आणि कोंबडीचं पीस

आम्ही तिघी कुठेही भेटलो, की पंधरा मिनिटांत गप्पांची गाडी सिंगापुरात, बेडोकच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अडुनीताईंच्या फ्लॅटवर येते. किस्से आम्ही मुद्दाम जमवले नव्हते. साडीला निळीचे डाग पडावेत तसे ते पडले, आणि कितीही वर्षं गेली तरी जायला तयार नाहीत!

गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची. मी, कुंदा आणि साने वहिनी. तिघींचे नवरे मरीन इंजिनिअर, म्हणजे वर्षातले सहा-सात महिने पाण्यावर. अडुनीताईंचा नवराही त्याच कंपनीत होता. त्या नायजेरियाच्या, कापडावर चित्रं काढायच्या आणि दर बुधवारी सकाळी आम्हाला शिकवायच्या. नावापुढे ‘ताई’ जोडलं साने वहिनींनी. वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणं त्यांच्या जिवावर आलं!

*

काम असं, की पिठाची खळ शिजवायची आणि कोंबडीच्या पिसाने पांढऱ्या कापडावर चित्र काढायचं. खळ वाळली की कापड निळीत बुडवायचं. खळीखाली नीळ लागत नाही, त्यामुळे शेवटी खळ खरवडली की निळ्यावर पांढरं चित्र उरतं.

हे सगळं ऐकून साने वहिनी एकाच शब्दावर अडल्या.

“कोंबडीचं? मी नाही बाई हात लावायची!”

पुढच्या बुधवारी त्या खराट्याचा हीर घेऊन आल्या. आणि गंमत म्हणजे, त्या हिराने त्यांनी आम्हा दोघींपेक्षा सरळ रेघ ओढली. रोज दारात रांगोळी काढणारा हात तो!

अडुनीताई ती रेघ बघून म्हणाल्या, “माझी आत्याही झाडूची काडीच वापरायची. आई तिच्याशी बोलायची नाही.”

*

खळीसाठी टॅपिओकाचं पीठ बेडोकच्या मार्केटमधून यायचं. एकदा वहिनींनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

“अगं, हा तर साबुदाणाच की! उपासाला चालेल.”

उपास म्हणजे काय, हे मग अडुनीताईंना समजवावं लागलं. देवासाठी जेवण सोडायचं आणि त्याऐवजी खिचडी खायची. त्या दिवशी एकादशीच होती, वहिनींच्या डब्यात खिचडी होती. अडुनीताईंनी दोनदा वाढून घेतली आणि बोट चाटून म्हणाल्या, “हे आम्हीही खातो. पण खाऊन देवावर उपकार केले, असं आम्हाला कधी सुचलं नाही!”

*

त्यांच्या आईने शिकवलेली पद्धत म्हणजे कापडाचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात एक चित्र काढायचं. पक्षी, कासव, पानं. कुंदाने विचारलं, “मी कमळ काढू?”

“रोज बघतेस?”

“नाही.”

“मग रोज बघतेस ते काढ.”

कुंदाने प्रेशर कुकर काढला. अडुनीताईंना तो इतका आवडला, की त्यांनी स्वतःच्या कापडावरही घेतला. ते कापड तोआ पायोहच्या एका छोट्या प्रदर्शनात लागलं. एक चष्मेवाले गृहस्थ कितीतरी वेळ त्या चौकोनापुढे उभे. शेवटी हळूच म्हणाले, “ही तुमच्याकडची पवित्र वास्तू असावी.”

“हो,” अडुनीताई गंभीरपणे म्हणाल्या. “रोज तीनदा शिट्टी होते. मगच सगळ्यांना जेवायला मिळतं.”

*

कापडं वाळायची खिडकीबाहेर, बांबूवर. सिंगापुरात सगळ्यांचीच तशी वाळतात. पण एकदा आमची नीळ टपटप खाली गळली, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या चिनी आंटी तरातरा वर आल्या. हातात मुलाचा शाळेचा पांढरा शर्ट, आता निळ्या ठिपक्यांचा.

“आय्यो! युनिफॉर्म ऑल ब्लू आलरेडी लाह!”

अडुनीताईंनी माफी मागितली, नवा शर्ट आणून देते म्हणाल्या आणि वर स्वतः रंगवलेला एक टेबलक्लॉथ हातात ठेवला. आंटींनी तो उलगडून उलटसुलट पाहिला. जाता जाता दारातून वळून म्हणाल्या, “नेक्स्ट टाइम यू ड्रिप, टेल मी फर्स्ट. आय पुट माय बेडशीट.”

*

भिंतीशी एक कापड नळीवर गुंडाळलेलं असायचं. ते अडुनीताईंच्या आईचं. वीस चौकोनांपैकी एकोणीस भरले आणि आई गेली. विसावा रिकामा म्हणून ते निळीत घालायचं राहिलं होतं.

दोन वर्षांनी त्यांच्या नवऱ्याची बदली झाली. सामान बांधायला आम्ही गेलो, तर अडुनीताई ते कापड पसरून बसलेल्या. आईची खळ जागोजागी सुटायला लागली होती.

“लागोसला पोचेपर्यंत सगळी गळून जाईल,” त्या म्हणाल्या.

“मग आजच भरा ना तो चौकोन!” कुंदा म्हणाली.

“पीस उचलते आणि परत ठेवते. तो चौकोन भरला, की आईचं काम संपलं.”

अडुनीताईंनी एका डबीतून आईचं पीस काढलं आणि साने वहिनींपुढे धरलं.

“तुमचा हात स्थिर आहे. पण आईच्या कापडावर झाडू चालणार नाही.”

कुंदा माझ्या कानात कुजबुजली, “आज एकादशी आहे गं.”

वहिनींनी पदर खोचला, पीस घेतलं आणि खळीत बुडवलं. दसऱ्याला पाटीवर काढतात ती सरस्वती त्यांनी काढली, एकाच्या आकड्यांची. एक रेघ हलली नाही.

वाळल्यावर कापड निळीत गेलं. बाहेर आलं ते हिरवं, आणि हवा लागली तसं आमच्या डोळ्यांदेखत निळं होत गेलं. खळ खरवडल्यावर आईच्या पक्ष्यांशेजारी सरस्वती दिसली. अडुनीताई रडल्या. आम्हीही मोकळेपणाने रडून घेतलं.

“हे काय काढलंत?” त्यांनी डोळे पुसत विचारलं.

“शिकायला सुरुवात करताना काढतात.”

अडुनीताईंनी ते पीस वहिनींच्याच हातात राहू दिलं.

आता ते वहिनींच्या पुण्याच्या घरी असतं, देव्हाऱ्यात, सरस्वतीच्या तसबिरीला टेकवलेलं. हळदीकुंकवाला आलेल्या एखादीने विचारलंच, तर वहिनी डोळ्याची पापणीही न हलवता सांगतात, “आफ्रिकेतला मोर आहे.”