निकालाआधीचं अभिनंदन

वैशाखातल्या दुपारी उल्हास नदीवरून वारा सुटतो आणि कल्याणजवळच्या आमच्या मोहने गावच्या चौकात बांधलेला बॅनर फडफडू लागतो. आधी हलकेच, मग अधीरपणे, मग कुणी ओलं लुगडं जोरजोराने झटकावं तसा. रस्ता उन्हाने पांढराफटक पडलेला, माणसं दारं लोटून आत निजलेली, आणि त्या निःशब्द प्रखर उजेडात तेवढा एकच आवाज! मी खिडकी लावून घेते, पंखा वाढवते, तरी तो आत येतोच. त्या बॅनरवर माझी मुलगी हसते आहे.

प्रज्ञाला परदेशातल्या एका विद्यापीठात जलशुद्धीकरण शिकण्यासाठी प्रवेश मिळाला आहे. नदीवर पसरलेली जलपर्णी बघत ती वाढली. त्या हिरव्या गालिच्याखालचं पाणी कधीतरी पुन्हा ओंजळीत घेता येईल, हे तिचं फार जुनं स्वप्न. प्रवेश मिळाला तेव्हा आम्ही दोघी मायलेकी गळ्यात पडून रडलो, आणि मग विद्यापीठाची फी वाचून हिशेब करत बसलो. मी कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवते. घरात आम्ही दोघीच, आणि चाळीतली खोली तारण ठेवून घ्यायला बँक तयार नाही. सगळी भिस्त सरकारी शिष्यवृत्तीवर, आणि तिचा निकाल अजून लागायचा आहे. ती मिळाली तर प्रज्ञा जाईल, नाही मिळाली तर जाणार नाही.

आमच्या वस्तीला मात्र प्रवेश आणि प्रयाण यांतलं अंतर दिसत नाही. रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी न राहवून बातमी सांगितली, आणि दुसऱ्याच सकाळी मंडळाच्या राजूभाऊंनी बॅनर उभारला: उच्च शिक्षणासाठी परदेशी रवाना होत असल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! फोटो कॉलेजच्या ओळखपत्रावरचा, आणि खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची लांबलचक रांग, त्यात राजूभाऊ स्वतः गॉगल लावून. चौकात बॅनर लागल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं आमच्याकडे कुणी मानत नाही, हे मला ठाऊक आहे. पण न घडलेली गोष्ट बॅनर लावल्याने घडते का? मी राजूभाऊंना घरी बोलावून म्हटलं, “अहो, स्कॉलरशिपचं अजून काहीच ठरलेलं नाही. काढा तो बॅनर.” “ताई, होणारच ना ते! आपली पोरगी आहे. टेन्शन नका घेऊ,” असं म्हणून ते चहा पिऊन निघून गेले.

टेन्शन नका घेऊ! सकाळी भाजीवाली मावशी जुडी हातात देता देता विचारते, “कधी निघतेय पोरगी?” समोरच्या सुमनआक्कांनी लोकरीचे पायमोजे विणून आणले, ऐन मे महिन्यात, घामेजल्या हातांनी विणलेले. “तिकडं थंडी लय असते म्हनं,” एवढंच म्हणाल्या. ते मी कपाटात ठेवले आहेत, आणि कपाट उघडलं की आधी त्यांवर एखादी साडी ओढते. प्रज्ञा मागच्या गल्लीने स्टेशन गाठू लागली. एकदा जेवता जेवता म्हणाली, “आई, नाही झालं ना, तर मी ह्या चौकातून कशी जाऊ गं?” मी म्हटलं, “होईल गं.” राजूभाऊंचंच वाक्य, फक्त त्यात त्यांचा विश्वास नव्हता.

भय नेमकं कशाचं वाटतं, याचा मी खूप विचार करते. अभाव दार लावून सोसता येतो. आम्ही तो सोसलाही, आणि त्याची फारशी लाजही वाटली नाही. पण आशा अशी चव्हाट्यावर टांगली गेली की ती आपली एकट्याची उरते का? आमच्या आईवडलांनी शिक्षण हे कधी एकट्याचं मानलंच नाही. एक पोर शिकली की सगळी आळी थोडी थोडी शिकली, असं त्यांना मनापासून वाटे. त्या ममतेचं ओझं किती असतं, हे मला आत्ता कळतं आहे. मला त्या माणसांचा राग येतो, आणि राग आल्याचं वाईटही वाटतं.

मागच्या आठवड्यात एका दुपारी घर विलक्षण शांत वाटलं. वारा होता, फडफड नव्हती. खाली जाऊन पाहते तर बांबूंवर कुण्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा नवाकोरा चेहरा! प्रज्ञाचा बॅनर गुंडाळून मंडळाच्या पत्र्याच्या खोलीला टेकवून ठेवला होता. इतके दिवस हेच तर हवं होतं मला. मग सुटल्यासारखं का वाटेना? जणू निकाल लागला, आणि तो मला न कळवताच लावला गेला. मी तशीच राजूभाऊंकडे गेले.

“राजूभाऊ, बॅनर परत लावा.”

“अहो ताई, तुम्हीच तर काढा म्हणत होता!”

“म्हणत होते. आता लावा म्हणते. पलीकडच्या खांबांना बांधा.”

ते हसले नाहीत. शिडी घेऊन आले, मी खाली दोरी ताणून धरली. उन्हाने बॅनरवरच्या प्रज्ञाच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता, तिच्या चष्म्याची चौकट तेवढी काळी राहिली होती. तेवढ्यात स्टेशनवरून प्रज्ञा आली, कशी कोण जाणे, त्या दिवशी चौकातूनच. “आई, तू?” म्हणाली. मग काही न विचारता तिने बॅनरचा सुटा कोपरा उचलून धरला.

निकाल अजून लागलेला नाही. मी मात्र एक ठरवून टाकलं आहे: शिष्यवृत्ती नाही मिळाली, तर याच बॅनरखाली उभं राहून मावशीला, आक्कांना, राजूभाऊंना मी स्वतः सांगेन. प्रज्ञाला मागच्या गल्लीने जाऊ देणार नाही.

आता दुपार आहे. नदीवरून वारा सुटला आहे, आणि तो आवाज पुन्हा घरात आला आहे. आज खिडकी मी उघडीच ठेवली आहे, आणि प्रत्येक झोताबरोबर कान टवकारून ऐकते आहे, गाठ पक्की बसली आहे ना?